बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक स्वयंपाकघर होतं. तिथे शिजलेलं कुठलाही माणूस खात नसे. ते जंतूंचं स्वयंपाकघर होतं आणि ते एकहाती सांभाळणाऱ्या बाईला सगळं इस्पितळ आचारीणबाई म्हणत असे. कागदोपत्री ती प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ होती, पण तो शब्द तिच्या ओळखपत्राबाहेर कधी पडला नाही. तिलाही आचारीण म्हटलेलं आवडायचं. आपले जेवणारे मीठ कमी पडलं म्हणून नाक मुरडत नाहीत, असं ती म्हणायची.

तोंडाने फटकळ आणि हाताने चोख अशी तिची ख्याती होती. सकाळी आली की आधी ती पोलादी टेबलावर गवंड्याची पाणसळ ठेवून बघायची. टेबल एका बाजूला कललेलं असलं तर ताटलीतली जेली एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ जमते. मग समुद्री शेवाळाची पूड आणि मांसाचा अर्क तोलून पाण्यात घालायचा, मोठ्या दाबपात्रात शिजवायचा, आणि काचेचा चंबू गालाला लावून सोसवेल इतकं ते निवलं की तळहाताएवढ्या काचेच्या ताटल्यांत ओतायचं. ओतताना बुडबुडा राहिला तर त्यावरून ज्योत फिरवायची. निवल्यावर त्याची फिकट पिवळी, थरथरणारी जेली व्हायची. रुग्णाच्या जखमेतला, थुंकीतला, लघवीतला जंतू या जेलीवर पसरायचा, त्यावर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या आणि ताटल्या उबेच्या कपाटात बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंची साय धरलेली असे. ज्या चकतीचं औषध लागू पडायचं तिच्याभोवती साय धरत नसे, स्वच्छ गोल कडं राहायचं. कडं फूटपट्टीने मोजायचं. तक्त्यात ठरवून दिलेल्या मापापेक्षा मोठं असलं तर ते औषध चालेल, लहान असलं तर चालणार नाही.

कामावर नवीन कुणी आलं की आचारीणबाई त्याला आपल्या पद्धतीने धडा द्यायची. औषध म्हणजे विषच, फक्त निवडक विष. आपल्या घरात नसलेली आणि शत्रूच्या घरात असलेली वस्तू शोधायची आणि नेमकी तीच फोडायची. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते, आपल्या पेशींना ती नसते. म्हणून काही औषधं भिंत बांधू देत नाहीत, आणि जंतू वाढता वाढता फुटतो. काही औषधं त्याचा आतला कारखाना बंद पाडतात, काही त्याला आपली नक्कल काढू देत नाहीत. आणि जंतू काय करतात? कुणाकडे कात्री असते, तो औषधच कापून टाकतो. कुणी आत शिरलेलं औषध बादलीने उपसून बाहेर टाकतो. कुणी कुलूप बदलतो, मग जुनी किल्ली फिरत नाही. शिवाय ही मंडळी उदार. कात्री कशी करायची याची चिठ्ठी शेजाऱ्याला देतात, आणि शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतात.

कुणीतरी मग हमखास म्हणायचं, म्हणजे पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. यावर ती मान हलवायची. इथे पुढचा मरतो, म्हणायची, आणि मागचा मुळातच शहाणा असतो. औषध कुणाला काही शिकवत नाही, ते फक्त निवड करतं. साधे मरतात, चिवट उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत चिवटांचाच गोतावळा वाढतो. हे सगळं ती इतक्यांदा बोलली होती की बोलताना तिचे हात दुसरंच काम करत असायचे.

आता दिव्याखाली अंधार कसा असतो ते सांगायला हवं.

आचारीणबाईला एक थोरला भाऊ होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादा नुकता कामाला लागला होता आणि ही शाळेत होती. दादा शिंपी. रस्त्याला लागून त्याची अरुंद खोली, पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे दोघांचा संसार. पायाने चालवायचं मशीन आणि कात्री यांवर त्याने बहिणीला शिकवलं. पुढे वहिनी आली, पडद्याच्या जागी भिंत आली, पण मशीन तेच राहिलं. शाळेतून आल्यावर बहीण त्याला मापं घ्यायला मदत करायची. गिऱ्हाईक बारीक दिसावं म्हणून ती त्याच्या पोटावर टेप ओढून धरायची, तेव्हा दादा तिला ओरडायचा, टेप सैल धर, आपण माप घेतोय, गळा आवळत नाही. ओढून घेतलेल्या मापाचं कापड वाया जातं, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. त्या घरात वाया जाणं हेच मोठं पाप होतं. उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी व्हायची, दोऱ्याच्या संपत आलेल्या रिळावरचा शेवटचा हातभर दोरा काज करायला ठेवला जायचा.

आणि औषधं बटणांच्या डब्यात ठेवली जायची. पत्र्याचा चपटा डबा होता, त्यात अर्धी बटणं आणि अर्ध्या गोळ्या. दादाला घसा दुखतो म्हणून डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या की तो बरं वाटेपर्यंत घ्यायचा. बरं वाटलं की थांबायचा, आणि उरलेल्या डब्यात. का, तर घरात उद्या कुणाला लागल्या तर? वहिनीही तसंच करायची. हा चिकटपणा नव्हता, प्रेमच होतं. स्वतः अर्धं घ्यायचं आणि अर्धं दुसऱ्यासाठी ठेवायचं, ही त्या घरची रीत होती. लाल-पिवळी घशाची, लांबोडकी पांढरी पोटाची, गुलाबी जखमेची, अशी रंगावरून ओळख. कुणाला कसर वाटली की डबा उघडायचा, एक सकाळी, एक रात्री, आणि तेवढ्यावर भागवायचं.

या रितीला एक मोठा पुरावा होता, आणि तो पुरावा म्हणजे स्वतः आचारीणबाई. ती लहान असताना तापाने फणफणली होती आणि छातीत घरघर लागली होती. दादाला त्याच सुमारास हाताच्या गळवासाठी गोळ्या मिळाल्या होत्या. त्याने अर्ध्या घेतल्या आणि अर्ध्या तिला चारल्या. ती वाचली. तेव्हापासून घरात कुणी औषधाचा विषय काढला की दादा म्हणायचा, आमची चिमणी अर्ध्या पाकिटावर जगलीय. तो ताप कदाचित आपोआपच उतरला असता, त्या गोळ्यांचा त्याच्याशी काही संबंधही नसेल, हे तिला नोकरीला लागल्यावर कळलं. पण भावाच्या तोंडावर ते कसं बोलायचं? ती गप्प राहिली. गप्प राहिली एवढंच नव्हे, माहेरी गेली की तीही आपल्या उरलेल्या गोळ्या त्या डब्यात टाकायची. दिवसभर ज्या गोष्टीवर ती इतरांना धडे द्यायची, तीच गोष्ट माहेरच्या उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. साध्या सर्दीला जंतूंची औषधं घेणाऱ्यांबद्दल त्या एकदा चहा पिताना बोलल्या होत्या. सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांना या गोळ्यांचं काहीच होत नाही, मार बसतो तो अंगातल्या निरपराध जंतूंना, आणि त्यांच्यातले दांडगे तेवढे मागे राहतात. एका गोळीने काय होतं, असं लोक विचारतात. त्यावर मोठ्या बाईंचं उत्तर होतं, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आचारीणबाईने जोरात मान डोलावली होती आणि तिला तेव्हा डबा आठवलाही होता. मग ती ताटल्या लावायला गेली.

दादाला मधुमेह जडला त्याला बरीच वर्षं झाली होती. पायाच्या तळव्यांची जाणीव हळूहळू गेली होती. शिंप्याच्या खोलीत टाचण्या आणि तुटक्या सुया जमिनीवर असायच्याच. एक तुटकी सुई त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली घुसली आणि त्याला समजलंच नाही. पायमोज्याला ओल लागली तेव्हा वहिनीने पाय उलटा करून पाहिला. सुई काढली, जखम धुतली, आणि डबा उघडला. गुलाबी गोळ्या होत्या, पण थोड्या. सूज उतरली, दादाने थांबवलं. सूज परत आली, मग लाल-पिवळ्या घेतल्या. असं उतरत-चढत, बहिणीला उगाच घोर नको म्हणून न सांगता, महिना गेला. काट्याचा नायटा झाला. अंगठा काळा पडला, पोटरीपर्यंत लाली चढली, अंगात ताप भरला, तेव्हा वहिनीने रिक्षा बोलावली आणि त्याला आचारीणबाईच्याच इस्पितळात आणलं.

वहिनीचा फोन आला तेव्हा आचारीणबाईच्या हातात गरम चंबू होता. वहिनी रडत नव्हती, पण तिचा आवाज कोरडा पडला होता. "वन्सं, तुमच्या दादांचा पाय कापायचा म्हणतायत," ती म्हणाली.

आचारीणबाईने फोन ठेवला. समोर ताटल्यांच्या रांगा होत्या. पुडीचा डबा तळाला गेला होता, नवा उघडून तोलून शिजवायला सकाळ गेली असती, आणि वरच्या मजल्यावर दादा होता. तिने हातातल्या चंबूत जेवढं होतं तेवढ्यात सगळ्या रांगा उरकल्या. नेहमी ती मापाच्या भांड्याने ओतायची, त्या दिवशी अंदाजाने ओतलं. थोडक्यात भागवायचं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती तशीच वर गेली.

दादा खाटेवर पडून छताकडे बघत होता. तिला पाहून त्याने चादर पायावर ओढून घेतली. सर्जन सरळ बोलणारा माणूस होता. त्याने सांगितलं की जखमेतल्या पुवाचा नमुना खाली पाठवतोय. एखादं चांगलं औषध लागू पडत असेल तर जखम साफ करून, फार तर अंगठा काढून पाय राखायचा प्रयत्न करता येईल. काहीच चालत नसेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, घोट्याच्या वर कापावं लागेल, नाहीतर ते रक्तात जाईल. दादाने एवढंच विचारलं की उजव्या पायाशिवाय मशीन चालवता येतं का. सर्जनने नमुन्याच्या कागदावर सही केली आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

नियमाप्रमाणे घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याने बघायचा असतो. त्या आठवड्यात दुसरं कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिने तो हातचा सोडला नसता. तिने जंतू वाढवला, ताटलीवर पसरला आणि चिमट्याने एकेक चकती ठेवली. दादाच्या डब्यातलं प्रत्येक औषध त्या चकत्यांमध्ये होतं, लाल-पिवळं, पांढरं, गुलाबी. ठेवताना ती त्यांना डब्यातल्या गोळ्यांच्या रंगानेच ओळखत होती.

निकालाच्या सकाळी तिने उबेचं कपाट उघडलं. ताटलीवर हिरवट साय पसरली होती, अगदी प्रत्येक चकतीला चिकटून. लाल-पिवळ्याच्या कडेला साय, गुलाबीच्या कडेला साय. चकती ठेवलीच नव्हती असं वाटावं इतकी निर्धास्त वाढ होती. महागड्या इंजेक्शनांचीही तीच गत. फक्त एका चकतीभोवती कडं होतं. स्वच्छ, गोल, पोलादी टेबलावर उठून दिसणारं. तिने फूटपट्टी लावली. मापापेक्षा जेमतेम जास्त होतं, पण जास्त होतं. म्हणजे एक औषध चालत होतं. पाय राहणार होता.

तिला इतका आनंद झाला की तिने ताटली हातात घेऊन खिडकीच्या झरोक्याशी धरली. आणि उजेडात तिला ताटलीची कड दिसली. जेली पातळ होती. जेली पातळ असली की चकतीतलं औषध खाली मुरायला जागा नसते, ते आडवंच पसरतं आणि कडं मोठं उमटतं. औषध तेवढं चांगलं नसतं, फक्त तसं दिसतं. अशा ताटलीवरचं जेमतेम जास्त म्हणजे चांगल्या ताटलीवर बहुधा कमी. हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ती जेली तिनेच ओतली होती. दर आठवड्याला ओळखीच्या जंतूवर ताटल्यांची परीक्षा व्हायची, पण या खेपेची पाळी अजून यायची होती.

कडं तर होतंच. तिने ते काढलं नव्हतं, फुगवलं नव्हतं. मोजलं तेवढंच सांगायचं, त्यात खोटं काय? सर्जन पाय राखेल, औषध थोडं तरी चालेल, आणि कुणी सांगावं, पुरेसंही होईल. थोडक्यात भागेल. हा विचार मनात आला तेव्हा तो कुणाच्या आवाजात आला हे तिला समजलं. तो घरचाच आवाज होता, बटणांच्या डब्याचा. आणि त्याच आवाजातलं दुसरं वाक्य मग आपोआप आलं, टेप सैल धर. तिला दादाचा राग आला. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी शिकवायला नको होत्या.

मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन तिने ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

"याचं माप घेऊ नका," ती म्हणाली. "पातळ ओतलीय. माझ्या हातून झालं."

मोठ्या बाईंनी ताटली तिरकी करून पाहिली. "ही एकच?"

"सगळी खेप."

"म्हणजे काल-आज वर गेलेले सगळे निकाल."

आचारीणबाईने मान डोलावली. दादाच्या पायापलीकडे आणखीही खाटा आहेत, हे तिच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. मोठ्या बाईंनी आवाज न चढवता तिची अशी खरडपट्टी काढली की ती पुढे कित्येक वर्षं शब्दन् शब्द सांगू शकली असती. मग त्यांनी वॉर्डावॉर्डांत फोन करून निकाल मागे घेतले, आणि सर्जनला एक दिवस थांबायला सांगितलं. सर्जन चिडला. एका दिवसात लाली कुठवर चढेल याची हमी प्रयोगशाळा देणार का, असं त्याने विचारलं. हमी कुणीच दिली नाही. आचारीणबाईने नवा डबा उघडला, तोललं, शिजवलं, भांड्याने मापून ओतलं आणि ओळखीच्या जंतूची ताटली शेजारी लावली. दादाचा नमुना आता मोठ्या बाईंनी स्वतः पसरला.

तो दिवस तिने पाणसळ बघण्यात घालवला. टेबल हललेलं नव्हतं, तरी ती परत परत बघत होती.

दुसऱ्या दिवशी कडं आक्रसलं होतं. मापापेक्षा लहान. ओळखीच्या जंतूचं कडं मात्र बरोबर जिथे हवं तिथे होतं, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. ते औषध चालणार नव्हतं. मोठ्या बाईंनी एक जुनं औषध काचेच्या नळ्यांमध्ये पातळ करत करत तपासलं होतं. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी अडगळीत टाकलेलं, आणि अडगळीतून आता नाइलाजाने परत काढलेलं औषध. त्या नळ्या स्वच्छ राहिल्या, त्यांत जंतू वाढला नाही. एवढं एकच उरलं होतं. पण ते जखमेच्या सडलेल्या भागात नीट पोचत नाही, तेव्हा त्याच्या जिवावर सगळा पाय राखता येणार नाही, असं सर्जनने सांगितलं. त्याने उजव्या पायाचा पुढचा भाग, पाचही बोटांसकट, कापला आणि टाच वाचवली. खोटं कडं खरं मानलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब कुणी मांडला नाही. आचारीणबाईला कुणी शाबासकी दिली नाही, आणि द्यायचं कारणही नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर दादाने पहिल्यांदा पाण्याबद्दल विचारलं आणि मग मशीनबद्दल. बोलण्याइतकी ताकद आल्यावर एका दुपारी त्याने बहिणीला खाटेवर बसवून घेतलं. हे असं का झालं, औषधं घेतच होतो की, असं तो म्हणाला. तेव्हा तिने जे जगाला सांगितलं होतं ते पहिल्यांदा घरात सांगितलं. भिंत, कात्री, बादली, चिठ्ठी. आणि डबा. दरवेळी दोन-चार गोळ्या घेतल्या की अंगातले साधे जंतू मरायचे आणि दांडगे राहायचे. वर्षानुवर्षं निवड करून तू गावगुंड पोसलेस, असं तिने सांगितलं. मग लगेच तिने हेही सांगितलं की हा जंतू डब्यामुळेच असा झाला हे कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. तो बाहेरूनही आला असेल, याच इस्पितळातून, किंवा दुसऱ्या कुणाच्या डब्यातून. पातळ ताटलीचंही तिने लपवलं नाही.

दादा ऐकत होता. शिंप्याला कात्रीची गोष्ट पटकन कळते. त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "मी तर कुणाला कमी पडू नये म्हणून ठेवत होतो."

"माहीत आहे."

"तू त्याच अर्ध्यावर वाचलीस, चिमणे."

तिच्याकडे याचं उत्तर होतं, आणि ते किती वर्षांपासून होतं हेही तिला ठाऊक होतं. तिने चादर सारखी केली आणि त्याला पाणी पाजलं. ते उत्तर तिने त्याही दिवशी दिलं नाही, आणि पुढेही कधी देणार नव्हती. काही मापं घ्यायचीच नसतात, असं तिने ठरवलं.

दादा घरी आला. मशीनला विजेची मोटर बसवली, तिची कळ डाव्या पायाखाली आली, आणि पहिले काही दिवस शिवण वेडीवाकडी गेल्यावर हात बसला. पुढे पावसाळी हवेत त्याला छातीचा संसर्ग झाला. या वेळी वहिनीने डबा उघडला नाही, डॉक्टर गाठला. थुंकी तपासून झाली, साध्याच गोळ्या लागू पडणार होत्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस त्या घ्यायच्या होत्या. आचारीणबाईने फोन करकरून भंडावलं नाही. वहिनीने तेवढं कळवलं की तिसऱ्या दिवशीच त्यांना बरं वाटलं, आणि तेव्हापासून रोज गोळी हातात घेऊन बराच वेळ बसतात.

गोळ्या संपायच्या दिवशी ती माहेरी गेली. दादा मशीनवर होता. त्याने शिवण थांबवली, खिडकीतला पत्र्याचा डबा घेतला आणि तिच्यासमोर उघडला. आत नुसती बटणं होती, पांढरी, तपकिरी, कोटाची मोठी काळी. वरती गोळ्यांचं पाकीट होतं, सगळे कप्पे फुटलेलं, सपाट. त्याने ते तिच्या हातात दिलं. अपराध केलेल्या माणसाने नजर चुकवावी तशी त्याची नजर खाली, मोटरच्या कळीवर होती.

"सगळ्या खाल्ल्या मी," तो म्हणाला. "तुझ्यासाठी काही ठेवलं नाही."

तिने पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग तिने मशीनशेजारचं जुनं स्टूल ओढलं, आणि तिच्या नव्या पोलक्याचं माप घ्यायचं होतं म्हणून दादाने गळ्यातली टेप काढली.